रास्ना (ऑर्किड)

रास्ना (शास्त्रीय नाव: व्हँडा टेसेलाटा) ही ऑर्किडेसी म्हणजेच आमर कुलातील, झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढणारी एक बहुवर्षायू वनस्पती आहे. मराठीत तिला *बांदे* असेही म्हणतात. भारताच्या बहुतेक उष्ण भागांत, तसेच श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश व म्यानमार या देशांत ती आढळते. महाराष्ट्रात सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत तिचा प्रसार असून खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याची व उतारांवरची पानझडी वने हा तिचा नैसर्गिक अधिवास होय. आमर म्हटले की दाट, दमट, सदाहरित अरण्य डोळ्यांपुढे येते. परंतु रास्ना ही कोरड्या हवेत आणि कडक उन्हाळ्यात तग धरणारी आमर आहे.

'रास्ना' हे नाव आयुर्वेदात एकाहून अधिक वनस्पतींना दिले जाते. हा लेख केवळ व्हँडा टेसेलाटा या आमरीविषयी आहे.

शास्त्रीय वर्गीकरण

* सृष्टी: वनस्पती
* विभाग: सपुष्प वनस्पती (एकदलिकित)
* गण: ॲस्परागेल्स
* कुल: ऑर्किडेसी
* उपकुल: एपिडेंड्रॉइडी
* प्रजाती: व्हँडा
* जाती: टेसेलाटा

== नामकरण व इतिहास ==

या वनस्पतीचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींविषयीच्या आपल्या सचित्र ग्रंथात केले. त्या काळी झाडांवर वाढणाऱ्या बहुतेक आमरी 'एपिडेंड्रम' या एकाच प्रजातीत घातल्या जात. त्याप्रमाणे रॉक्सबर्ग यांनी तिला *एपिडेंड्रम टेसेलाटम* हे नाव दिले. त्याच वर्षी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक विल्यम जोन्स यांचे भारतीय वनस्पतींविषयीचे लेखन त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी 'वन्दा' हा संस्कृत शब्द या वनस्पतीसाठी वापरला होता. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी व्हँडा ही प्रजाती रीतसर स्थापन केली आणि तिच्यातील जातीला रॉक्सबर्ग यांच्या सन्मानार्थ *व्हँडा रॉक्सबर्घाय* असे नाव दिले. रॉक्सबर्ग यांचे मूळ जातिनाम अगोदरचे असल्यामुळे नामकरणाच्या नियमांनुसार आज *व्हँडा टेसेलाटा* हे नाव ग्राह्य मानले जाते. या स्वरूपात ते १८३० मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या वनस्पतिग्रंथांत व औषधिकोशांत मात्र 'व्हँडा रॉक्सबर्घाय' हेच नाव आढळते.

व्हँडा प्रजातीची प्ररूप जाती, म्हणजे जिच्यावरून प्रजातीची ओळख ठरते ती जाती, हीच आहे. जगभरच्या फुलबाजारात आज विकल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी 'व्हँडा' फुलांचे प्रजातिनाम अशा रीतीने भारतातील या साध्या आमरीवरून आणि एका संस्कृत शब्दावरून आलेले आहे. 'टेसेलाटा' हे विशेषण लॅटिन असून त्याचा अर्थ 'लहान चौकटींच्या फरशीसारखे' असा होतो. पाकळ्यांवरील तपकिरी रेषांच्या जाळीला ते अनुसरून आहे.

संस्कृतातील 'वन्दा' हा शब्द झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना सरसकट लावला जात असे. त्यात परजीवी वनस्पतीही येत. झाडावर बसलेल्या प्रत्येक वनस्पतीला एकाच नावाने ओळखण्याची ही सवय लोकव्यवहारात आजही टिकून आहे. तिचे परिणाम पुढे दिले आहेत.

महाराष्ट्रातील आमरींचा अभ्यास करताना टी. कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–१९०८) आणि एच. संतापाव व झेड. कपाडिया यांचा मुंबई प्रदेशातील आमरींवरील ग्रंथ (१९६६) हे पायाभूत मानले जातात.

== वर्णन ==

'''खोड व पाने.''' खोड ताठ किंवा काहीसे तिरपे, साधारणतः ३० ते ६० सेंटिमीटर उंच असते. ते शेंड्याकडे सतत वाढत राहते. अनेक आमरींच्या बुंध्याशी जो फुगीर कंद दिसतो तो हिला नसतो. पाने खोडाच्या दोन बाजूंना समोरासमोरच्या दोन ओळींत येतात. ती अरुंद, जाड, चिवट, मध्यशिरेवर पन्हळीसारखी दुमडलेली व बाहेरच्या बाजूस वाकलेली असून त्यांची लांबी सुमारे १५ ते २० सेंटिमीटर असते. पानाचे टोक कुरतडल्यासारखे, दोन-तीन असमान दातांचे असते. फुले नसताना वनस्पती ओळखण्यास ही खूण उपयोगी पडते.

'''मुळे.''' खोडाच्या खालच्या भागातून बोरूएवढी जाड, लांब हवाई मुळे निघतात. काही मुळे सालीला घट्ट चिकटून आधार देतात, तर काही हवेत लोंबत राहतात. मुळांभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. त्यास व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना हे आवरण चंदेरी पांढरे दिसते. पाण्याचा स्पर्श होताच ते पाणी शोषून पारदर्शक होते व आतील हिरवा रंग दिसू लागतो. पावसाची सर, दव आणि सालीवरून ओघळणारे पाणी ही या वनस्पतीची पाणी मिळवण्याची साधने होत. ओघळत्या पाण्याबरोबर आलेली धूळ, कुजलेला पाला व पक्ष्यांची विष्ठा यांतून तिला क्षार मिळतात.

'''फुले.''' फुलोरा पानाच्या बगलेतून येतो. सुमारे १५ ते २५ सेंटिमीटर लांबीच्या ताठ मंजरीवर साधारणतः पाच ते बारा सुवासिक फुले असतात. फूल चार ते पाच सेंटिमीटर रुंद असून त्याची तीन संदले व दोन प्रदले पिवळसर हिरवी, राखी किंवा तपकिरी छटेची, आतून तपकिरी जाळीने चित्रित व कडेने पांढरट असतात. पाठीमागची बाजू पांढरी असते. तिसरे प्रदल म्हणजे ओष्ठ. ते निळसर जांभळे असल्यामुळे उठून दिसते, आणि त्याच्या मागे आखूड शुंडिका असते. रंगछटांत झाडागणिक बराच फरक आढळतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्यापर्यंत फुले येतात. एक मंजरी दोन-तीन आठवडे टिकते.

'''फळ व बीज.''' फळ लांबट, कंगोरेदार बोंड असते. ते पक्व होण्यास काही महिने लागतात. बोंड तडकले की त्यातून धुळीसारखी असंख्य बीजे वाऱ्यावर उडतात.

== परजीवी की आश्रित? ==

झाडावर वाढते म्हणून रास्नेला पुष्कळ ठिकाणी बांडगूळ समजले जाते. ही समजूत चुकीची आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे आश्रयवृक्षाच्या आत घुसवते आणि त्याच्या वाहिन्यांतील पाणी व क्षार ओढून घेते. आंबा, मोह इत्यादी वृक्षांची फांदी बांडगुळामुळे हळूहळू वाळते, म्हणून शेतकरी ते कापून टाकतात, आणि ते योग्यच आहे.

रास्ना ही अपिवनस्पती आहे. तिची मुळे सालीच्या बाहेरील मृत थरावर पसरतात. आत शिरत नाहीत. तिची पाने हिरवी असून ती स्वतःचे अन्न सूर्यप्रकाशात स्वतःच तयार करते. वृक्षाकडून तिला केवळ उंचीवरची जागा व प्रकाश मिळतो. फांदी हाताशी असेल तर दोहोंतील फरक सहज ओळखता येतो. बांडगुळाच्या जोडाशी फांदी गाठीसारखी फुगते आणि त्याची पाने सामान्य झुडपासारखी फांद्यांवर येतात. रास्नेची जाड पांढरी मुळे मात्र सालीवर उघडी दिसतात आणि पाने दोन ओळींत रचलेली असतात.

हा फरक माहीत नसल्यामुळे बांधावरच्या वृक्षांची 'सफाई' करताना बांडगुळाबरोबर रास्नाही ओरबाडून टाकली जाते. वीस-पंचवीस सेंटिमीटरचे असे एखादे रोप वाढण्यास अनेक वर्षे लागलेली असतात.

== प्रसार व अधिवास ==

भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीनुसार भारतात आमरींच्या १,२५६ जाती असून त्यांपैकी ७५७ अपिवनस्पती आहेत. यांतील बहुतेक जाती हिमालयाचा पूर्व भाग, ईशान्य भारत व पश्चिम घाट या ओल्या प्रदेशांत एकवटलेल्या आहेत. रास्ना मात्र मैदानांलगतच्या कोरड्या वनांतही वाढते.

जळगाव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर चोपडा, यावल व रावेर हे तालुके सातपुड्याला टेकलेले आहेत. चोपडा तालुक्याच्या दक्षिणेस तापी नदी, पश्चिमेस धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुका व दोहोंच्या सीमेवर अनेर नदी, तर उत्तरेस डोंगररांगांपलीकडे मध्य प्रदेश आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळी व कापूस पिकतो. उत्तरेकडे जमीन चढत जाते आणि शेतीची जागा साग, सालई, अंजन, ऐन, धावडा, तेंदू व मोह यांच्या पानझडी वनांनी घेतलेली दिसते. यावल अभयारण्य (स्थापना १९६९, क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर) आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य (स्थापना १९८६, क्षेत्र सुमारे ८३ चौरस किलोमीटर) ही याच पट्ट्यातील संरक्षित क्षेत्रे होत.

येथील पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास असून तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या जवळ जाते आणि बहुतेक वृक्ष निष्पर्ण होतात. जमिनीत मूळ नसलेल्या वनस्पतीला हा काळ सर्वांत कठीण होय. रास्ना त्यातून तीन गोष्टींच्या बळावर तरते. जाड पानांत ती पाणी साठवते. व्हेलामेनमुळे हाती आलेले थोडेसे पाणीही वाया जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे तिच्या पानांची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. थंड हवेत कार्बन डायऑक्साइड घेऊन ती तो आम्लाच्या रूपाने साठवते व दिवसा रंध्रे मिटलेली ठेवून त्यापासून अन्न बनवते. निवडुंग व अननस यांच्यातही हीच योजना आढळते.

आश्रयासाठी तिला खडबडीत, भेगाळ व लवकर न गळणारी साल लागते. मोह, आंबा, ऐन व जांभूळ यांचे जुने वृक्ष तिला मानवतात. मोहाचे महत्त्व विशेष आहे. सातपुड्यातील पावरा, भिल्ल व तडवी समाजांत मोहाची फुले व टोळंबी यांचे मोल मोठे असल्याने जंगल साफ करून शेत केले तरी मोह सहसा राखला जातो. शेताच्या मध्यभागी उभा असलेला जुना मोह अशा वेळी आमरींचेही आश्रयस्थान ठरतो.

सह्याद्री व सातपुड्यात झाडांवर वाढणाऱ्या अन्य आमरींत सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा), एरिडीस मॅक्युलोजा व अकाम्पे प्रिमोर्सा या उल्लेखनीय आहेत. अकाम्पेची पाने रास्नेच्या पानांसारखी दिसतात, परंतु ती अधिक जाड व रुंद असतात. तिची फुले लहान, पिवळी व आडव्या तपकिरी पट्ट्यांची असून झुबक्याने येतात.

== जीवनक्रम ==

रास्नेच्या फुलात परागकण सुटे नसतात. ते मेणासारख्या दोन पुंजांत बांधलेले असतात. फुलावर आलेल्या कीटकाच्या अंगाला हे पुंज चिकटतात व तो दुसऱ्या फुलावर गेला तरच परागण घडते. पुंज एकदा गेला की त्या फुलातील परागकणांचा सारा साठा एकाच वेळी खर्ची पडतो. त्यामुळे पुष्कळ फुले फळ न धरताच गळून पडतात.

फळ धरल्यावर बीजे मात्र विपुल निर्माण होतात. आमरीच्या बीजात अन्नसाठा नसतो. योग्य सालीवर पडल्यावर विशिष्ट कवकाचा संसर्ग झाला, तरच त्या कवकाकडून मिळणाऱ्या अन्नावर ते रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये आमरीचे बीज व कवक यांतील हा संबंध प्रथम दाखवून दिला. योग्य साल, योग्य कवक आणि पहिल्या वर्षांत पुरेसा ओलावा हे तिन्ही एकत्र येणे दुर्मीळ असल्याने असंख्य बीजांतून एखाददुसरेच रोप उभे राहते. याच कारणाने एकदा उजाड झालेल्या भागात ही वनस्पती आपोआप लवकर परतत नाही.

== औषधी उपयोग व नावाचा घोळ ==

आयुर्वेदात रास्ना हे वातविकारांवरील प्रमुख द्रव्य मानले आहे. महारास्नादी काढा व रास्नादी गुग्गुळ ही कल्पे तिच्याच नावाने ओळखली जातात. परंतु 'रास्ना' कोणती, याविषयी देशभर एकवाक्यता नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधिसंहितेने *प्लुचिया लॅन्सिओलाटा* या सूर्यफूल कुलातील, उत्तर व वायव्य भारतात जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पतीस रास्ना म्हणून मान्यता दिली आहे. दक्षिण भारतात आले कुलातील कोळिंजनाचे (अल्पिनिया गॅलंगा) मूळखोड रास्ना म्हणून वापरतात. बंगाल व आसपासच्या प्रदेशांत व्हँडा टेसेलाटाची मुळे या नावाने वापरली जात आली आहेत.

लोकवैद्यकात या आमरीची मुळे संधिवातावर, पानांचा लेप तापात आणि पानांचा रस कानदुखीवर वापरल्याचे उल्लेख आढळतात. हे उपयोग पारंपरिक माहितीच्या स्वरूपाचे आहेत. वैद्याच्या सल्ल्याशिवाय ते करू नयेत.

नावाचा हा घोळ वनस्पतीच्या जिवावर बेततो. प्लुचिया शेतातही वाढू शकते, कोळिंजनाची लागवड होते. आमरीची मुळे मात्र बहुधा जंगलातूनच आणली जातात, आणि मुळे काढली की वनस्पती मरते. ज्या औषधासाठी मान्यताप्राप्त व सुलभ द्रव्य उपलब्ध आहे, त्यासाठी मंद गतीने वाढणारी वन्य आमर उपटण्याचे कारण उरत नाही.

== लागवड व निगा ==

रास्ना ही उष्ण हवामानात, घराच्या अंगणात वाढवण्याजोगी आमर आहे. खानदेशासारख्या प्रदेशात पुढील गोष्टी पाळाव्या लागतात.

'''रोपांची निवड.''' रोप नेहमी प्रयोगशाळेत किंवा रोपवाटिकेत वाढवलेले घ्यावे. अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये कवकाविना, केवळ शर्करा व क्षारयुक्त माध्यमावर आमरीची बीजे रुजवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून एका बोंडातून हजारो रोपे तयार करणे शक्य झाले आहे. जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्यांना ऊतिसंवर्धित केळीची रोपे परिचित आहेत. आमरींची रोपेही तशाच निर्जंतुक बाटल्यांतून वाढवली जातात. आमरींवरील संशोधनासाठी सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र कार्यरत आहे.

'''आधार.''' ही वनस्पती मातीत कधीही लावू नये. मातीत मुळे गुदमरून कुजतात. सालीसकट असलेला आंब्याचा किंवा सागाचा ओंडका, नारळाच्या सोडणाचा तुकडा किंवा लाकडी पट्ट्यांची टांगती टोपली वापरावी. टोपलीत लोणारी कोळशाचे व विटांचे मोठे तुकडे सैलसर भरावेत. रोप सुतळीने अथवा काथ्याने बांधावे. नवी मुळे आधाराला धरेपर्यंत ते हलू देऊ नये. अंगणात जुना आंबा असेल तर त्याच्या खोडावर पूर्वेच्या बाजूस रोप बांधणे सर्वांत सोपे.

'''प्रकाश.''' सकाळचे कोवळे ऊन व दिवसभर चाळून आलेला भरपूर प्रकाश आवश्यक असतो. दाट सावलीत पाने गर्द हिरवी होतात, पण फुले येत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे ऊन मात्र पाने करपवते. त्या काळात निम्मा प्रकाश अडवणारी हिरवी जाळी लावावी.

'''पाणी.''' उन्हाळ्यात सकाळी व आवश्यक तर सायंकाळी मुळे हिरवी होईपर्यंत पाणी फवारावे आणि पुढच्या पाण्यापूर्वी ती पुन्हा पांढरी होऊ द्यावीत. पावसाळ्यात उघड्यावर असलेल्या रोपास वेगळे पाणी लागत नाही. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा दोन-तीन दिवसांआड पाणी पुरते. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने मुळांवर पांढरा थर साचतो व ती निकामी होतात. शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

'''खत.''' वाढीच्या काळात पंधरा दिवसांतून एकदा संतुलित विद्राव्य खत, वेष्टणावरील प्रमाणाच्या पाव भागाइतके सौम्य करून, ओल्या मुळांवर फवारावे. हिवाळ्यात खत देऊ नये.

'''रोग व कीड.''' शेंड्यातील पानांच्या पन्हळीत पाणी साचून राहिल्यास शेंडा कुजतो. हा सर्वांत घातक विकार होय. म्हणून पाणी सूर्यास्तापूर्वी पुरेसे आधी द्यावे आणि हवा खेळती ठेवावी. खवले कीड व पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत दिसतात. प्रादुर्भाव थोडा असल्यास ओल्या फडक्याने किंवा मऊ कुंचल्याने ते पुसून काढावेत. पावसाळ्यात गोगलगायी मुळांची कोवळी टोके खातात.

'''अभिवृद्धी.''' घरगुती पातळीवर जुन्या रोपाच्या बुंध्याशी फुटलेले धुमारे, त्यांना स्वतःची दोन-तीन मुळे आल्यावर, वेगळे करता येतात. खोड फार लांब झाल्यास मुळे असलेला वरचा भाग कापून नव्याने लावता येतो. उरलेल्या बुंध्यालाही सहसा धुमारे फुटतात.

सुवास, उष्णता सोसण्याची शक्ती व निळसर ओष्ठ या गुणांमुळे संकरासाठी या जातीचा मोठा उपयोग झाला आहे. 'मिमी पामर' हा प्रसिद्ध सुगंधी संकर 'टॅन चे यान' हा संकर व व्हँडा टेसेलाटा यांपासून निर्माण केलेला आहे.

== धोके व संवर्धन ==

रास्ना भारतात विस्तृत प्रदेशात आढळत असली तरी स्थानिक पातळीवर तिचे अस्तित्व जुन्या वृक्षांवर अवलंबून असते. सातपुड्यात वृक्षतोड, वनजमिनींवरील अतिक्रमण व उन्हाळी वणवे हे मुख्य धोके आहेत. मोहाची फुले वेचणे सुलभ व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत आहे. फुलांचा हंगाम मार्च-एप्रिलमधील, म्हणजे आमरीवर आधीच पाण्याचा ताण असतानाचा असतो. आग खोडापर्यंत गेल्यास खालच्या भागातील रोपे होरपळतात. पाला झाडून गोळा करणे किंवा फुले झेलण्यासाठी झाडाखाली जाळी अंथरणे हे त्यावरील सोपे पर्याय आहेत.

आमर कुलातील सर्व जाती वन्य जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील 'साइट्स' कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असून रास्ना परिशिष्ट २ मध्ये येते; परवान्याविना तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून कोणतीही वनस्पती विनापरवाना काढून नेण्यास मनाई आहे. वादळात मोडून पडलेल्या फांदीवरील रोपे वाचवायची झाल्यास वनविभागाच्या संमतीने ती त्याच परिसरातील उभ्या वृक्षावर बांधणे हा इष्ट मार्ग मानला जातो.

एकट्या रास्नेचे संवर्धन वेगळे करता येत नाही. तिला लागणारी खडबडीत साल आणि तीवरील कवक ही दोन्ही जुन्या वृक्षांवरच मिळतात. नवी रोपवने वेगाने वाढवता येतात, पण सालीला भेगा पडून तिच्यावर आमर रुजण्यास कित्येक दशके जावी लागतात. त्यामुळे शेताच्या बांधावरचा एखादा जुना मोह किंवा आंबा उभा ठेवणे हेच खानदेशात या वनस्पतीच्या रक्षणाचे सर्वांत परिणामकारक साधन ठरते.